आधी मोजू द्या

नजीहाच्या हातची मोटर बिघडली म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. मी हाज मोख्तारांच्या घाण्यात ऑलिव्हच्या लगद्याच्या चटया रचतो. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

नवरा गेल्यावर नजीहाने त्याचं मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालायचं दुकान बंद केलं नाही. सासरच्यांनी किल्ली मागितली, तिने दिली नाही. "बाई कुठे मोटर भरते का?" असं आमचं सगळं अगारेब गाव म्हणायचं, आणि विहिरीवरचा पंप बिघडला की गुपचूप तिच्याच दारात जायचं. त्या वर्षी घाण्याची मोठी मोटर पहिल्यांदाच तिने भरली. हंगाम सुरू झाला आणि मोटर तासाभरात बंद पडायला लागली. अंगणात पोत्यांची थप्पी, आतली फळं तापून आंबूस वास मारू लागलेली.

तिचा दीर नूरी मीटर घेऊन हजरच. "वहिनी, किल्ली द्या आता, आणि घरी कुसकुस शिजवा. हाज, ही मोटर मी नव्याने भरून देतो."

"पोरी, संध्याकाळपर्यंत बघ," हाज म्हणाले. "नाही जमलं तर मोटर नूरीकडे. मग गावात तुला काम कोण देईल, ते मला विचारू नकोस."

"माझ्या तारेत दोष निघाला तर किल्ली मीच देते," नजीहा म्हणाली. "पण आधी मोजू द्या."

नूरीने मीटर लावलं. मोटरीतल्या तिन्ही वेढ्यांचे आकडे सारखे हवेत, आले वेगवेगळे. "बघा! म्हटलं नव्हतं?"

नजीहाने त्याच्या मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली. मध्ये काही नाही, तरी आकडा जवळपास तेवढाच, तोही नाचरा. "भाऊजी, हा तुमच्या मीटरच्या वायरींचाच रोध. वेढ्याचा रोध एवढासा. ट्रकच्या काट्यावर जिरं तोलताय होय?" आम्ही सगळे हसलो. नूरीचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग तिने मेन बंद केला आणि ट्रॅक्टरची बॅटरी मागवली. बॅटरीतून हेडलाइटच्या बल्बमधून करंट वेढ्यात सोडला, म्हणजे बल्ब करंटला आवरून धरतो. आणि मीटरची टोकं बॅटरीच्या चिमट्यांवर न ठेवता थेट वेढ्याच्या तारेला टेकवली. "करंट वाहणाऱ्या वायरी वेगळ्या, मोजणाऱ्या वेगळ्या. मग चिमट्यांचा रोध मध्ये येत नाही." तिन्ही वेढे मोजले. तिन्ही सारखे.

"मोटर चांगली आहे," ती म्हणाली.

"मग बंद का पडते? जिन लागलाय?" नूरी.

नजीहाने मीटर उचललं. तशीच जोडामागून जोड मोजत भिंतीवरच्या स्विचच्या डब्यापर्यंत गेली. प्रत्येक जोडावर मीटर जेमतेम हलायचं. डब्यातल्या तीन जोडांवर मात्र आकडा टुणकन वर. नट घट्टच होते, म्हणून आजवर कोणी खोलून बघितलं नव्हतं. तिने खोलले. तांब्याच्या चपट्या टोकांवर तपकिरी, चिकट थर. तिने बोट लावून वास घेतला आणि हाजकडे बघितलं.

हाजच्या घराण्यात घाणा सुरू करण्याआधी गेल्या वर्षीच्या पहिल्या तेलाचं बोट दगडाला, दाराला, यंत्राला लावतात. बरकतीसाठी. त्या वर्षी मोटर भरायला काढली होती, म्हणून डबा उघडा होता, जोड सुटे होते. त्यांनाही बोट लागलं, त्यावरच नट आवळले गेले, आणि तापून तेलाचं लुकण झालं. तेच जोड भट्टीसारखे तापून स्विच पाडत होते.

"मीच लावलं होतं," हाज हळू आवाजात म्हणाले.

नजीहाने तांबं लख्ख घासलं, नट आवळले, पुन्हा मोजलं. मग मोटर सुरू केली. तास गेला, दुसरा गेला, दगड फिरतच राहिला. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

नूरी मीटर गुंडाळून निघाला. हाज आतून तेलाची बाटली घेऊन आले. "पोरी, आता सांग, तेल लावू कुठे? लावल्याशिवाय मला चैन नाही पडायचं."

तारेने चिरलेले, रोगणाने काळे पडलेले हात नजीहाने सगळ्यांसमोर पुढे केले.

म्हाताऱ्याने बाटली तिच्या तळहातांवर ओतली. दरवर्षी घाणा सुरू करण्याआधी तेलाचं पहिलं बोट आता तिथेच लागतं. मग ती हात चिंधीला स्वच्छ पुसते आणि स्विचचा डबा उघडते.