सावित्राबाईच्या गाण्याला कर्णा

कान्हू दिसायच्या आधी ऐकू यायचा. मळवलीपासून वडगावपर्यंत कुठल्याही गावात बाजाराच्या दिवशी आधी मोटरसायकलची धडधड, मग कर्ण्यातलं खाकरणं, आणि मग त्याचा तो ओळखीचा आवाज: "या हो या, तंबूत आज नवा खेळ! बायामाणसांची बसायची सोय येगळी!" सिनेमाची जाहिरात, गुरांच्या लशीची दवंडी, हरवलेली म्हैस, निवडणुकीला उभा राहिलेला कुणी, सगळ्यांना त्याने आवाज दिला. घरचा एकच आवाज त्याच्या हातून गेला.

तो भाजे गावाच्या वरच्या उंबरवाडीचा. डोंगरातली माणसं, नाचणी-वरईवर आणि मोलमजुरीवर जगणारी. बाप लवकर गेला, तेव्हा कान्हू लोणावळ्यात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारायला लागला आणि झाडता झाडता तारांना कथलाचा डाग द्यायला शिकला. पुढे एका बंगल्याच्या आवारात गंजत पडलेली मोटरसायकल त्याने कष्टाच्या बदल्यात मिळवली, तिला उठवलं आणि मागच्या कॅरियरवर ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड वाजवायची पेटी बांधली. कर्णा पुढे, हँडलच्या वर. वाडीतली माणसं ॲम्प्लिफायरला मशीन म्हणत.

गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, मशीनला हवेत बारा. म्हणून त्याने दुसरी सहाची बॅटरी कॅनव्हासच्या पिशवीत घालून मागच्या चाकाशी लटकवली आणि दोन्ही एकीला एक जोडल्या. गाडी चालू असली की डायनॅमो पहिलीला पाजायचा. दुसरी मात्र उपाशीच राहायची. ती उतरली की तिला लोणावळ्याला नेऊन भरून आणावी लागे. हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

त्याची आई सावित्राबाई हळदीची गाणी म्हणायची. ती विधवा झाली तरी आसपासच्या वाड्यांत तिच्याशिवाय हळद लागत नसे. आधी देव बोलवायचे. कड्यावरची वाघजाई, झऱ्याची आसरा, रानातला वाघोबा, मग शिवेवरचा, मग उंबराखालचा, मग घरातली मेलेली माणसं नावानिशी. ती एक ओळ म्हणायची आणि बाकीच्या बाया ती झेलायच्या:

"ये गं वाघजाई, हळदीला ये,
वाट लई खडकाची, हळू हळू ये."

शेवटचं माणूस येऊन बसलं की मगच नवरीच्या गालाला पहिलं बोट लागायचं. गाणं मध्ये तुटलं तर आलेले देव उठून जातात, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलवावं लागतं. म्हणून सावित्राबाई म्हणत असताना कुणी शिंकायलाही घाबरायचं.

सत्तर सालच्या आसपास कान्हूच्या बहिणीचं, चिंगीचं लग्न ठरलं. कान्हूच्या मनाने घेतलं की आईचं गाणं कर्ण्यातून साऱ्या खोऱ्याला ऐकवायचं.

"देवाला वरडून सांगावं लागत न्हाई रं," सावित्राबाई म्हणाली.

"देवाला न्हाई, आये. मानसांला. लोकांला कळू दे, कान्हूची आई कोन हाय."

"कान्हूची आई व्हय? आजपातूर तू सावित्राबाईचा हुतास."

ती हसली, पण नाही म्हणाली नाही. पोराने पहिल्यांदाच तिच्यासाठी काही मागितलं होतं.

हळदीच्या सकाळी कान्हू लोणावळ्याहून दोन्ही बॅटऱ्या गच्च भरून निघाला. मळवलीचं फाटक ओलांडलं आणि त्याला राहवेना. त्याने मशीन चालू केलं. "ऐका हो ऐका! उंबरवाडीच्या सावित्राबाईच्या लेकीची आज हळद! सावित्राबाई सोता गानार!" भाज्यात देवळापुढे थांबून त्याने तेच सांगितलं. लोक जमले, तशी गाडी बंद करून त्यांच्यासाठी दोन रेकॉर्डी लावल्या. पुढच्या वस्तीत पुन्हा. कुणीतरी चहा दिला, चहा होईस्तोवर रेकॉर्ड वाजत राहिली. आईच्या नावाने तो इतका फुलला होता की पिशवीतली बॅटरी किती उतरत चाललीय, याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

मांडवात बाया बसल्या. चिंगी पाटावर. सावित्राबाईने पदर सारखा केला आणि समोरच्या मायक्रोफोनकडे साप बघावा तसं बघितलं. "ये गं वाघजाई," तिने उचललं, आणि कर्ण्याने अशी शिट्टी मारली की बायांनी कानावर हात घेतले.

"कर्ना तिच्या तोंडाम्होरं आलाय," कान्हू म्हणाला आणि त्याने तो पलीकडे फिरवला. सावित्राबाईने पुन्हा पहिल्यापासून धरलं. वाघजाई आली, आसरा आली. वाघोबापाशी आवाज फाटायला लागला. दम लागलेल्या माणसासारखा तुटत तुटत येऊ लागला. तारा ढिल्या झाल्या असतील म्हणून कान्हूने एकेक टोक आवळलं. तारा ठीक होत्या. मग त्याने पिशवीतल्या बॅटरीला बल्ब लावून बघितला. बल्ब पिवळा, मरगळलेला पेटला. वाटेतल्या रेकॉर्डींनी ती पिऊन टाकली होती.

त्याने गाडी सुरू केली. पहिल्या बॅटरीला जोर आला, आवाज थोडा उठला. पण त्याबरोबर डायनॅमोची किणकिण कर्ण्यातून येऊ लागली, गांधीलमाशी कानात शिरावी तशी. गाडी चालू ठेवावी तर किणकिण, बंद करावी तर गाणं गुदमरतंय.

"कान्हू," नवऱ्याचा चुलता नथू ओरडला, "तुजी आई गातीया का तुजी फटफटी?"

मांडव हसला. चिंगीनेही ओठ दाबले. सावित्राबाई तिसऱ्यांदा पहिल्या देवापासून सुरू झाली होती. त्या हसण्यात ती थांबली.

"मशीन बाजूला ठेव, बाबा," ती हळूच म्हणाली. "मी अशीच म्हनते."

एवढं ऐकलं असतं तरी पुरे होतं. पण साऱ्या वाटेने दवंडी देत आलेला कान्हू घामाघूम उभा होता, आणि नथू अजून हसत होता. रेकॉर्ड भरदार वाजते, किणकिण तिच्याखाली दडते, हे त्याला माहीत होतं. त्याने मायक्रोफोनची पिन उपसली आणि रेकॉर्डच्या पेटीची जोडली. सिनेमातलं लग्नाचं गाणं मांडवभर उसळलं. तरण्या पोरी टाळ्या पिटत उठल्या. "आत्ता कसं!" नथू म्हणाला.

सावित्राबाई उठली, हळदीची वाटी तिने चिंगीच्या मावशीकडे दिली आणि चुलीकडे गेली. देव वाटेतच राहिले. हळद लागली.

त्या लग्नाची फार वाहवा झाली. पुढच्या हंगामात वाड्यावाड्यांतून कान्हूला बोलावणी आली. तो गेला. नाही कसं म्हणणार? दुसऱ्या बॅटरीला त्याने वेगळा चार्जर केला, डायनॅमोवर कंडेन्सर बसवला, मशीनची तार गाडीच्या सांगाड्यावरून न नेता थेट बॅटरीतून घेतली. किणकिण गेली. आता त्याच्या कर्ण्यातून कुणीही म्हटलेलं गाणं काचेसारखं स्वच्छ आलं असतं. पण सावित्राबाईला कुणी बोलवेनासं झालं होतं, आणि तिनेही कधी विचारलं नाही. ती त्याला रागाने एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला गाडीवर एकट्याला पुष्कळदा वाटे.

काही वर्षांनी त्याचं स्वतःचं लग्न निघालं. मशीन त्याने लोणावळ्याच्या दुकानात ठेवलं आणि पायी वर आला.

"आये, माज्या हळदीला तू म्हन."

तिने नाचणीचं सूप खाली ठेवलं. "झेलनार कोन?" तिने विचारलं. "धोंडाबाई गेली. तिची जाऊ लेकाकडं ऱ्हाती."

"वाडीतल्या बाया हायत की एवढ्या."

हळदीच्या दिवशी ती मांडवात बसली. पहिली ओळ तिने उचलली. आवाज कापरा होता, पण वाट तीच होती. दोन म्हाताऱ्यांनी ओळ झेलली. पोरी एकमेकींकडे बघत ओठ हलवत होत्या, त्यांना शब्द येत नव्हते. आसरेपाशी एक म्हातारी खोकली आणि दुसरी एकटी पडून थांबली. सावित्राबाईने पुढची ओळ टाकली. ती कुणीच घेतली नाही. ती ओळ मांडवात तशीच लोंबत राहिली.

"मामी," एक नवी सून भीत भीत म्हणाली, "रेकार्ड न्हाई का आनली भावजींनी?"

कुणी हसलं नाही. सावित्राबाईने वाटीत बोटं बुडवली. कान्हू मान खाली घालून पाटावर बसला होता. त्याला वाटलं, ती आता उठून जाईल, आणि जावीच. पण ती गेली नाही. तिने त्याच्या गालाला हळद लावली, मग कपाळाला, मग गळ्याला. बायांच्या बांगड्यांशिवाय कसला आवाज नव्हता.

"खांदा पुढं कर," ती म्हणाली. "हितं ऱ्हायलंय."