राजाचं उरलेलं नाव

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण ही गोष्ट सहा वर्षं पोटात ठेवली... आता सांगून टाकतो.

सांगलीत माझा छोटा छापखाना आहे. जुनी नाणी जमवायचा नाद मला कॉलेजपासून. कोरेगावच्या सदाला, माझ्या मित्राला, तो माझ्यामुळंच लागला. बहात्तरच्या दुष्काळात त्याची विहीर खोल करताना गाळात शिशाचं नाणं निघालं — फार प्राचीन. सदाच्या म्हणण्याप्रमाणं त्यावर अशा राजाचं नाव, जो ना शिलालेखात सापडतो, ना पोथीत. ठसा नाण्यात मावला नव्हता, म्हणून नावही अर्धंच उठलेलं.

"बघ की रं भिंगातनं," सदा म्हणाला. "अर्धा राजा माजा! उरल्याला तुला घावंल कवातरी."

मी भिंग हातातही घेतलं नाही. "असली ढिगानं बघितलीत," म्हणालो. आतून नुसता जळत होतो. इतकी वर्षं जुन्या गावठाणांच्या पांढरीची माती मी उकरली, आणि राजा भेटला याला!

पुण्याहून एक प्राध्यापक नाणं पाहायला येणार होते. आदल्या दिवशी मी ते सदाच्या घरातनं गुपचूप उचललं. छापखान्यात येऊन, न बघताच, शिसं वितळवायच्या पळीत टाकलं. बघता बघता पाणी झालं.

निवल्यावर चकती बाहेर काढली — तिच्यावर ब्राह्मी अक्षरं! डावीकडचं कडेला कापलेलं, पुढची तीन स्पष्ट. नावाचा शेवट. पळी आतून गुळगुळीत होती, आणि ब्राह्मी अक्षरांचे छपाईचे खिळे माझ्याकडं कुठले?

प्राध्यापक रिकाम्या हातानं परतले. सदा थापाड्या ठरला. गावात पोरंसोरंही त्याला 'अर्धा राजा' म्हणू लागली. त्यानं नाद सोडला.

गेल्या महिन्यात ती चकती त्याच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यानं मग भिंग शोधून आणलं, धोतरानं पुसलं.

"जुळतंय," म्हणाला.

"सदा... पहिला भाग काय होता रं?"

"तवा भिंग दिलंवतं की तुला." चकती त्यानं माझ्या मुठीत परत कोंबली. "आता न्हाई सांगनार, गड्या. जा."

ती अक्षरं कशी उठली, मला आजही कळलेलं नाही. अर्धं नाव माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, अर्धं सदाच्या डोक्यात. आणि खरं सांगू? मला अजूनही त्याचाच हेवा वाटतो.