गोदाम मॅडम

मॅडमविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, याची मला खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात माझ्यापेक्षा हुशार मुलं होती, मराठी चांगलं लिहिणारीही होती. त्यांच्यापैकी कोणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांच्या घरी मॅडम चादरीखाली शिरून बसल्या नव्हत्या, आमच्या घरी बसल्या होत्या. म्हणून लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मॅडम आम्हाला मुलुंडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांचा आवाज मोठा होता. 'शुक्राणू' हा शब्द आधीच्या सरांनी फळ्यावर लिहून पटकन पुसला होता. मॅडम तो असा उच्चारायच्या की बाहेरच्या जिन्यावरचा शिपाईही थबकायचा. पहिल्या दिवशी मुली वहीत बघू लागल्या आणि मागची मुलं हसू लागली, तेव्हा त्या टेबलावर टेकून म्हणाल्या, "हसून घ्या आधी. मी थांबते. तुमचं झालं की शिकवते." आम्ही हसायचं थांबलो तरी त्या थांबूनच राहिल्या. शेवटी आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. त्यानंतर वर्गात कोणी हसलं नाही.

त्यांना 'गोदाम मॅडम' हे नाव आम्हीच ठेवलं आणि त्यांना ते माहीत होतं. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक बारीक नळ्या असतात, एकदा मिळालेले शुक्राणू तिथे कितीतरी दिवस जिवंत राहतात आणि रोजच्या अंड्याला थोडेथोडे पुरवले जातात, हे सांगताना त्या म्हणाल्या होत्या, "गोदाम आहे रे ते. आज भरलं की दोनेक आठवडे बघायला नको." मग त्या राणीमाशीकडे वळल्या. ती तरुणपणी काय ते मिळवते आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच साठ्यावर पोळं चालवते. काही वटवाघळं थंडीआधीच जुळतात, माद्या साठा जपून ठेवतात आणि ऋतू बदलला की गर्भ धरतात. "आणि गाय?" कोणीतरी विचारलं. "गायीकडे जेमतेम दिवसभराची सोय. म्हणून तर माणसाला टाकी घेऊन धावावं लागतं."

ती टाकी बघायला त्या आम्हाला जोगेश्वरीच्या एका तबेल्यात घेऊन गेल्या. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि नायट्रोजनचा पांढरा धूर जमिनीवर सांडला. आतून त्यांनी चिमट्याने गोठवलेल्या वीर्याची एक बारीक कांडी काढली. ज्या रेड्याची ती होती तो कधीच मेला होता, पण त्याची पारडी अजून जन्माला येत होती. तबेल्याचे मालक मॅडमना म्हणाले, "मॅडमजी, बच्चों को ये सब दिखाते हो?" मॅडम म्हणाल्या, "दूध पीते हैं ना बच्चे? तो देखेंगे भी."

आता आमच्या घराविषयी थोडं सांगायला हवं. आम्ही मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहतो. आजोबा मालवणकडून गिरणीत आले, बाबा आता एका टॉवरवर सिक्युरिटीत आहेत. आई घरामागे कोंबड्या पाळते. त्यांत एक कोंबडा होता, तांबडा, उंच, मानेवर सोन्यासारखी पिसं. तिच्या वडिलांच्या अंगणात जी जात होती तिचा हा शेवटचा. आजोळ बंद पडलं, घराला कुलूप लागलं, तेव्हा आईने तिथून दुसरं काही आणलं नाही. फक्त हा पिलू असताना टोपलीतून आणला. दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या पायात तिने काळा दोरा बांधला होता.

आमच्या वस्तीतली मालवणी घरं दरवर्षी राखणदाराला, म्हणजे वस्ती राखणाऱ्या देवाला, कोंबड्याचा बळी देतात. गेल्या वर्षी पाळी आमची होती. आईने भांडुपहून एक पांढरा कोंबडा आणला, त्याच्या पायात लाल दोरा बांधला आणि त्याला मागे टोपलीखाली झाकून ठेवला. राखणीच्या दिवशी ती कामावर होती. वस्तीतले भाऊकाका कोंबडा न्यायला आले आणि त्यांनी तिला फोन केला. ती म्हणाली, "पायात दोरो असा तो घेऊन जावा." पांढऱ्याने तोवर आपला दोरा चोचीने तोडून टाकला होता; दोरा उरला होता तो तांबड्याच्याच पायात.

संध्याकाळी आई घरी आली तेव्हा बळी देऊन मटणाचं वाटपही होऊन गेलं होतं. काका म्हणाले, "दोरो असलेलो घे म्हणालंस, दोरो असलेलो नेलंय. काळो काय नि तांबडो काय." देवाने घेतलेल्याबद्दल बोलायचं नसतं, त्यामुळे तिला धड रागावताही येईना. वाट्याचं ताट तिने झाकून ठेवलं. रात्री नुसतं एवढंच म्हणाली, "माझ्या बाबांचा आता कायच उरला नाय."

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर मी मॅडमना सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, केवढ्याशा गोष्टीसाठी यांचा वेळ घेतोय. मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा बाजूला घेतला.

"तो पांढरा कुठाय?"

"सोडलाय. कोंबड्यांत फिरतोय."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

"घरी फोन लाव. आधी त्याला पकड म्हणावं. नंतर आलेल्याचा माल वरचढ ठरतो रे, आधीच्याचा मागे पडतो. पळ."

पांढऱ्याला आम्ही मोरीत कोंडलं. तो तिथे दोनेक आठवडे राहिला. बाबा अंघोळीला गेले की तो त्यांच्या तांब्यावर चढून आरवायचा. बाबा आतून ओरडायचे, "ह्याका तरी देवाक देवा!" आई कितीतरी दिवसांनी हसली.

त्याच आठवड्यात मॅडम आमच्या घरी आल्या. आईने खुर्ची पुसली, मग परत पुसली. मग हळूच विचारलं, "कोंबो गेलो, मॅडम. आता पिल्लां खंयसून येतली?"

"तो गेला हो, पण ठेवून गेला," मॅडम म्हणाल्या आणि सगळं समजावून सांगितलं, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. शेजारच्या दारांतून डोकी बाहेर आली. आईने पदर तोंडाला लावला. पण शेजारच्या मावशी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "माझी खुडूक बसलीय. घ्या माझी." अशी उबवायला कोंबडीही मिळाली.

रोजची अंडी आई पेन्सिलीने तारीख घालून गव्हाच्या डब्यात रचून ठेवत होती. पुरेशी जमल्यावर ती मावशींच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. आठवड्याने मॅडम पुन्हा आल्या. भर दुपारी अंधार कुठून आणायचा? मॅडमनी आईच्या पलंगावरची चादर ओढली आणि आम्ही तिघं तिच्याखाली बसलो. मॅडम मोबाइलच्या उजेडावर एकेक अंडं धरत होत्या. एकात तांबड्या शिरांचं जाळं दिसलं, मध्ये एक ठिपका, आणि तो ठिपका हलला. आईने मॅडमचा दंड घट्ट धरला.

"शेवटची दोन रिकामी," मॅडम म्हणाल्या. "गोदाम संपत आलं होतं. पण बाकीची भरली आहेत, वहिनी."

कोंबडी अंड्यांवर बसलेली असतानाच मॅडम गेल्या. त्या आमच्याकडे तासिका तत्त्वावर होत्या, आणि कोकणात एका कुक्कुटपालन केंद्रावर त्यांना कायमचं काम मिळालं. आम्हाला वाईट वाटलं, पण त्या इतक्या खुशीत होत्या की रडायचं कोणाला जमलं नाही. जाताना मला म्हणाल्या, "किती निघाली ते सांगू नको. त्यांत नर आहे का, ते सांग. एका नरावर अख्ख्या अंगणात ती जात पसरते."

पाच निघाली. मी त्यांना लगेच फोन केला.

"नर?"

"अजून कळत नाही, मॅडम."

"मग अर्धीच बातमी दिलीस की."

सुट्टीत मी पनवेलला एका औषधांच्या कंपनीत कामाला लागलो आणि तिथेच राहू लागलो. एक पिल्लू मांजराने नेलं. दोन स्पष्ट माद्या निघाल्या. उरलेल्या दोघांबद्दल आई फोनवर रोज वेगळं सांगायची. आज तुरा मोठा दिसतो, आज नाही दिसत. मीही रोज विचारायचो. या नोकरीपेक्षा मला तीच चिंता जास्त होती, हे इथे लिहायला हरकत नाही. पुढे एम.एस्सी.ला पशुप्रजननच घ्यायचं, हे मी त्याच दिवसांत ठरवलं.

एका सकाळी कामावर निघताना आईचा फोन आला.

"आरवलो रे. आवाज फाटको हा, मधीच तुटता. पण आरवलो. मानेर पिसांय येतत, तशीच."

मी म्हटलं, "आई, ठेव. मॅडमना कळवतो."

"त्यांका कधीच सांगलंय," आई म्हणाली. "तो आरवत होतो तेव्हाच फोन लावून त्याच्यासमोर धरलंय. मगे माझ्या भयणीक, मगे भाऊकाकांक. तुका आता."