डोंग्यातल्या माणसाचं ताट

अड्याळला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. अंगात येणं, भास होणं असलं काही कुणी सांगायला लागलं की मी त्याला पाणी देते आणि विषय बदलते. विश्वास नव्हताच कधी. आता आहे का, तेही सांगता येत नाही... घडलं ते लिहिते.

या दिवाळीत मुलीला बंगळुरूहून सुटी मिळाली नाही. मिस्टर जाऊन वर्ष झालेलं. दुकान बंद, एकटीचा स्वयंपाक, शेजारी फटाके — म्हटलं, निघावं कुठेतरी. पवनीच्या पुढे गोसे धरणाच्या पाण्यात टेकड्यांची बेटं झाली आहेत. मासेमारी करणारी ढिवर कुटुंबं तिथे झोपडी टाकून राहतात. काठावर चौकशी केली, तर सोमाजी नावाचे ढिवर त्यांच्या डोंग्यातून फिरवायला तयार झाले. छोटी लाकडी नाव, तिला जुन्या लुगड्याचं शीड.

"बाई, तुमी मधात बसा. समोरची जागा राहू द्या," ते म्हणाले. बसले.

सकाळभर बेटं पाहिली. पाण्याबाहेर आलेले वाळक्या झाडांचे शेंडे, त्यांवर पाणकावळे. कुणी कुणाशी बोललं नाही.

दुपारी त्यांच्या बेटावर उतरलो. त्यांची बायको पारबता झिंग्यांचा रस्सा करत होती. डोंग्यातून आलेल्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. तिनं तीन पत्रावळी मांडल्या.

"तूही बसतेस ना?" मी विचारलं.

"मी मागून जेवीन. हे तुमच्या मालकाचं."

"कोणाचे मालक? मी एकटीच आली."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "काहो, डोंग्यात समोर बसून होते थे कोण?"

"मले काय विचारतं? मले वाटलं, दोघं भांडून आले असतीन. बोलूनच नाही राहिले होते."

"मजाक करता काय?" मी म्हटलं. "कसे होते ते?"

"पांढरा सदरा," सोमाजी म्हणाले. "चपला काढून मांडीवर घेतल्या होत्या. म्या हातानं खूण केली, खाली ठेवा भाऊ, ओल्या नाही होत. ऐकलंच नाही."

मिस्टरांच्या चपला एकदा देवळाबाहेरून चोरीला गेल्या होत्या. तेव्हापासून एसटीत, दवाखान्यात, कुठेही बसले की चपला मांडीवर. मी वैतागायची. पण हे त्या दोघांना कळणार कसं? आमची ओळख त्याच दिवशीची.

मी डोंगा पाहिला, सगळं बेट फिरून आले. कुणी नव्हतं. तिसऱ्या पत्रावळीवरचा भात तसाच होता. त्या पत्रावळीसमोर मी ऊन उतरेपर्यंत बसून राहिले. शेवटी सोमाजींनी निघायला सांगितलं.

परतताना डोंग्याचं तोंड वर उठायला लागलं. सोमाजींनी समोरच्या जागी वजनासाठी एक दगड ठेवला.

"सकाळी नाही लागला दगड," मी म्हटलं.

"सकाळी थे होते ना. आता तिकडंच राहिले, बसले नाही."

"डोंगा परत फिरवा."

त्यांनी फिरवला. बेटावर पारबता एकटीच भांडी घासत होती.

"आत्ता तं होते," ती म्हणाली. "जेवले आन गेले."

पत्रावळ पुसून साफ होती. त्या बेटावर कुत्रं नाही.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, एकटं राहिलं की होतात असे भास." भास मला झाला असता तर मान्य करून मोकळी झाले असते. मला तर काहीच दिसलं नाही. का दिसलं नाही, ते अजून कळलेलं नाही.