भाऊजींच्या फलकावरची राखीव जागा

घराचं फाटक सताड उघडं टाकून संगणकाला मात्र सात कुलपं लावणारा माणूस साऱ्या वाशीम जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आपल्या समोर राहतो. तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ, म्हणजे माझे भाऊजी, जन्मभर एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या अंगणातली तुळस शेजारच्या बकऱ्या येऊन खाऊन जातात, त्याचं त्यांना काही नाही. पण त्यांच्या फलकावर परवानगीवाचून माशी शिरायची नाही.

हा फलक म्हणजे संगणकावरची निरोपांची पाटी, तुम्हा मुलांना अश्मयुगातली वाटेल. निवृत्तीनंतर एका जुन्या संगणकावर त्यांनी तो हौसेनं मांडला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, चित्र एकही नाही. आम्ही काही म्हातारी माणसं आपापल्या घरून त्यात शिरतो, निरोप वाचतो, बुद्धिबळाची एखादी चाल खेळतो आणि बाहेर पडतो. एका वेळी आत पाचच जण, हा भाऊजींचा नियम. यंत्र पन्नास जणांनाही पेलेल, असं त्यांच्या पुतण्यानं सांगून पाहिलं. “उभ्यानं नेले का भांडनं होतात,” भाऊजी म्हणाले आणि विषय मिटला. सहावा आला की पडद्यावर उमटतं, ‘गाडी भरली आहे. मागच्या गाडीने यावे.’ आत येऊन कुणी काही न लिहिता बसून राहिलं, तर घंटी वाजते आणि त्याला उतरवलं जातं. मी एकदा कुकर बंद करायला उठले, तेवढ्यात मला उतरवलं. तक्रार केली तर म्हणाले, “वहिनी, झोपाचं असंन तर घरी झोपा.” मी घरीच होते.

पासवर्डाचं तर विचारूच नका. नातवंडांची नावं चालत नाहीत, देवांची मुळीच नाहीत. नेमानं पोहरादेवीला जाणाऱ्या एका बाईंनी देवीचं नाव घातलं, ते संगणकानं नाकारलं, म्हणून त्या भांडायला आल्या. भाऊजींनी त्यांना शांतपणे सांगितलं, “बाई, चोराले बी तेच देव ठाऊक असतात.” आणि पासवर्ड तीनदा चुकला की कुलूप. मग समोरासमोर ओळख पटवायची, ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, तेव्हा ते निघतं.

मला शिस्त आवडते, हे तुमची आई सांगेलच. पण याच नियमानं गेल्या उन्हाळ्यात घात केला. शिरपूरला भाजीपाला करणारे गुणवंतराव हे भाऊजींचे बालमित्र, पहिलीपासून एकाच बाकावरचे. बाजाराच्या दिवशी ते भाऊजींकडे वांग्यांची पिशवी टाकत आणि त्यातली निम्मी माझ्याकडे येत. ते तीनदा चुकले, कुलूप पडलं, म्हणून वांगी घेऊन हजर झाले. मी चहा घेऊन तिथंच गेले होते. भाऊजींनी ताठ बसून विचारलं, “आपली पहिली शाळा कोणती?”

गुणवंतराव हसले. भाऊजी हसले नाहीत.

“लेका, तुह्या बाजूले बसून शिकलो मी. अन् तू मले इचारून राह्यला?”

“सगळ्यायलेच इचारतो. नियम हाये.”

“मंग नियमाच्याच घरी जेव.” त्यांनी चहाला हात लावला नाही, पिशवी मात्र उचलून नेली.

भाऊजींनी त्याच संध्याकाळी गुपचूप कुलूप काढलं, पण तसं सांगायला फोन केला नाही. तिकडूनही आला नाही. तेव्हापासून आम्हाला ‘गाडी भरली आहे’ फार लवकर दिसू लागलं. आत कोण आहे ती नावं बाहेरूनही दिसतात, ती मी मोजली, तर चारच. विचारलं तर म्हणाले, “एक शीट रिझर्व्ह हाये.” कुणासाठी, हे मी विचारलं नाही. माझ्या घरी वांग्याची भाजी होत नव्हती, तेवढ्यावरून कळत होतं.

परवा दुपारी भाऊजी अनवाणीच धावत आले. “वहिनी, गुणवंता आल्ता.”

“कुठं?”

“फलकावर. तीनदा चुकला. कुलूप पडलं.” कुणाची चूक इतक्या आनंदानं सांगताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“चोर कशावरून नसेल?” मी म्हटलं. शिकवण त्यांचीच.

“चोर येवढा चुकत नाई, वहिनी.”

“मग आता समोरासमोर ओळख पटवायला हवी.”

मी दिलेला चहा त्यांनी तसाच बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, “समोरासमोर, येवढंच लिवलं हाये मी. कोनं कोनाकडे जाचं, थे नाई लिवलं.” आणि शिरपूरची गाडी गाठायला निघाले. चपला माझ्या दारातून तुमच्या आजोबांच्या घालून गेले.

दुसऱ्या दिवशी परतले ते हातात पिशवी घेऊन. “दार अर्धंच उघडलं लेकानं,” ते म्हणाले. “म्हने, पहिली शाळा कोनती?”

“मग?”

“सांगतली ना. मास्तराचं नाव बी सांगतलं, तवा आत घेतलं.” पिशवीतली वांगी उगाच वरखाली करत म्हणाले, “पासवर्ड नाई राहत आता त्याच्या ध्यानात. अजून बी लय काही राहत नाई. शाळा राह्यली हाये. मंग थेच नाव पासवर्ड करून देलं.”

दिवेलागणीला मी फलकावर शिरायला गेले. ‘गाडी भरली आहे. मागच्या गाडीने यावे.’ आतली नावं मोजली, तर या वेळी पाच. भरताच्या वांग्याला तेलाचा हात लावून मी ते गॅसवर ठेवलं आणि मागच्या गाडीची वाट पाहत बसले.