पाच घरच्या लोकरीचा स्वेटर

लंकाबाईला विणकाम मी शिकवलं, हे आधीच सांगून टाकते. गावात आता ते कुणी मानत नाही.

एक्क्याण्णव साली आमच्या महिला मंडळात दोन सुयांच्या विणकामाचा वर्ग निघाला. ओझरपासून दोन मैलांवरचं आमचं गाव. मी तिथली अंगणवाडीची बाई, म्हणून तो वर्गही माझ्याच गळ्यात पडला. सोळा बायका आल्या आणि पंधरा जणींनी पंधरवड्यात सुया टाकल्या. उरली ती लंकाबाई. उंच, हाडकुळी, कांदे काढून काढून बोटं राठ झालेली. मला वाटलं, ही काय लोकर धरणार. महिन्याभरात तिनं माझ्याच विणीतला सुटलेला टाका दाखवला, तोही सगळ्यांदेखत. राग आला मला, खोटं कशाला बोलू.

तिला नमुना एकच यायचा, तान्ह्या बाळाचा साधा स्वेटर. मागचा भाग, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, आणि पुढं दोन खिसे. खिशांशिवाय स्वेटर तिच्या हातून कधी सुटला नाही.

मी एकदा चिडवलं, "लंकाबाई, तान्हं पोर खिशात काय विडीकाडी ठेवणार आहे का?"

"त्ये न्हाई ठेवणार. द्येणारं ठेवतंय," ती म्हणाली. "कुणाची ताटली तुमी रिकामी परत द्येता का, बाई? मग स्वेटर कसा द्यायचा रिकामा?"

आणि खरंच गावात तशी रीतच पडून गेली. पोर वाढलं की स्वेटर पुढच्या घरी द्यायचा, आणि देताना खिशात काहीतरी घालायचं. कुणी खारीक घाली, कुणी हळकुंड, कुणी मूठभर तांदूळ. आमच्याकडं थंडी पडते ती हाडापर्यंत जाते. चार-पाच वर्षांत गावातलं एकही पोर लंकाबाईच्या स्वेटरशिवाय हिवाळा काढेना.

तिचा दुसरा नियम जरा कडक होता. बाळ जन्मल्याशिवाय ती सुईला हात लावायची नाही. कुणाची पहिलटकरीण सून आठव्या महिन्यात लोकर घेऊन आली, तर तिला लोकरीसकट परत पाठवायची. "आधी नाळ पडू दे," म्हणायची. मला असल्या समजुतींचा तिटकारा. मी वीस वर्षं घरोघर जाऊन हेच सांगत आले की असल्या गोष्टींनी काही होत नसतं. ती ऐकून घ्यायची आणि आपलं तेच करायची.

हा नियम तिनं मोडला तो फक्त स्वतःच्या घरी. सत्त्याण्णवला तिची सून साधना गरोदर राहिली. मुलगा ज्ञानेश्वर एकुलता एक, त्याचं हे पहिलं मूल. बाईला धीर कुठला धरवतोय. सातव्या महिन्यातच पांढराशुभ्र स्वेटर विणून तयार. बाळ मेलेलं जन्मलं. दोन वर्षांनी दुसरं. त्याही वेळी तिनं आधीच विणला, या वेळी पिवळा. बाळ दोन दिवस जगलं.

घरात तिला कुणी शब्दानं बोललं नाही. साधना तर नाहीच नाही, ती पोरगी सोन्यासारखी. पण लंकाबाईनं मनाशी पक्कं धरलं की हे आपल्या हातानं झालं. दोन्ही स्वेटर तिनं नवेच्या नवे ट्रंकेत तळाशी घातले आणि सुया माझ्याकडं आणून दिल्या. "ठेवा तुमच्यापाशी. माझा हात वंगाळ हाये," म्हणाली. मी तिला तासभर डॉक्टरी समजावलं. भिंतीला सांगितलं असतं तर भिंत तरी हलली असती.

दोन हजार दोनच्या पौषात साधना तिसऱ्यांदा बाळंत झाली, आठव्या महिन्यात. मुलगा, वजन एक किलो नऊशे. बारा दिवस दवाखान्यात ठेवून घरी सोडलं. तिथल्या नर्सनं एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती, बाळाला ऊब पाहिजे, थंडी लागली तर हे पोर टिकणार नाही. आईच्या छातीशी धरा, डोकं झाका, अंगात लोकरीचं घाला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर साधना चुलीजवळ बसलेली, पोर छातीशी. पोर कशात, तर फाटक्या धोतराच्या चार घड्यांत. पाय चाचपले, गार. अख्ख्या गावाला स्वेटर पुरवणाऱ्या बाईचा नातू, आणि त्याच्या अंगावर लोकरीचा धागा नाही. मी बाजारातून नवाकोरा स्वेटर नेला होता, तो पुढं केला.

लंकाबाई आडवी आली. "नवं न्हाई घालायचं. दोन गेलेत आमचे. ह्याला पाच घरचं मागून आणल्यालंच घालायचं, वरीसभर. नाव बी भिका ठेवलंय."

ही जुनी चाल मला ठाऊक होती. मुलं जगत नसली की पुढच्याला मागून आणलेलं समजायचं, नाव भिका ठेवायचं, कपडेही मागून आणायचे. मी जाम भडकले. म्हटलं, "पोराचे पाय बर्फ झालेत आणि तुम्हाला चाली सुचतात?"

साधना हळूच म्हणाली, "बाई, मागूनच आणा, पण आज आणा. वाद नंतर घाला."

मी आणलेला स्वेटर परत पिशवीत घातला. म्हटलं, चला लंकाबाई, मीही येते.

लंकाबाईनं उभ्या जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता. पहिल्या दारात ती माझ्या मागं उभी राहिली, मीच मागितलं. घरातल्या बाईनं लगबगीनं गाठोडं सोडलं आणि एक निळा स्वेटर आणून तिच्या पदरात टाकला. दोन खिसे. लंकाबाईनं तो उलटापालटा केला आणि पुढं चालू लागली. दुसऱ्या घरी हिरवा आला. तिसऱ्या घरी लाल. सगळ्यांना दोन दोन खिसे. चौथ्या घरचा तपकिरी पदरात पडला तशी ती ओट्यावर मटकन बसली.

"बाई, ह्ये समदं माझ्याच हातचं हाये. दुसरं कायबी मिळंना. ज्या हातानं घात केला त्योच हात पोराच्या अंगाला कसा लावू?"

माझं पुस्तकातलं सगळं सांगून झालं होतं. तेवढ्यात शेजारच्या दारातून ठकूबाई आली. ठकूबाई म्हणजे आमची जुनी सुईण, गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिचं घर पाचवं. तिच्या हातात पिवळट पडलेला स्वेटर होता, तोही लंकाबाईचाच.

"लंके, काय झालं रडायला?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती लंकाबाईला म्हणाली, "तो निळा कुणी घातलाय, ठावं हाये का?" आणि समोर गोट्या खेळणाऱ्या पोरांकडं बोट केलं. "तो बघ, नाक पुसतोय त्यो. हिरवा त्या दोन येण्यांवालीचा. लाल तिच्या भावाचा. तपकिरी त्या दांडगट पोराचा, सकाळी माझ्या कोंबडीला दगड मारून आलाय मेला. आन् ह्यो माझ्या नातवाचा, त्यो आता शाळंत पयला येतो. तुझा हात वंगाळ असता तर ही कार्टी माझ्या डोक्यावर नाचली असती व्हय?"

लंकाबाई त्या पोरांकडं बघत राहिली. एकेकाकडं, नीट. मग पदरात तोंड घालून रडली, मोकळं होईस्तोवर रडली. पाच वर्षांचं साठलेलं होतं ते. ठकूबाई तिच्याशेजारी बसून राहिली आणि मी मेली दाराशी उभी राहून डोळे पुसत होते.

घरी आणून भिकाला निळा स्वेटर चढवला तर तो पार पावलांच्या खाली गेला, बाह्या वीतभर मोकळ्या. त्यातून वारं शिरत होतं. लंकाबाईनं क्षणभर बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, माझ्या सुया आणा."

मी पळत गेले. या वयात मी पळत नाही.

तोवर पोराला त्याच निळ्या स्वेटरात गुंडाळून वर शाल लपेटली. बाकीचे चार लंकाबाईनं उसवले, लोकर पाण्यातून काढून उन्हात ताणून वाळवली आणि दुपारी टाके घातले. मागून आणलेली लोकर, त्यामुळं चालही मोडत नव्हती आणि माझंही काही म्हणणं नव्हतं. पहिली ओळ तिनं दोनदा उसवली. चौथ्या ओळीपासून हात सरसर चालू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वेटर तयार झाला. निळ्याची एक बाही उसवून गळा केला, म्हणजे पाचवं घरही आलं. पट्ट्यापट्ट्यांचा, माझ्या दोन तळहातांत मावेल एवढा. एवढ्याशा स्वेटरालाही दोन खिसे काढलेच, नखाएवढे.

तो अंगात घातल्यावर तासाभरानं मी भिकाचे पाय चाचपले. ऊबदार होते. साधनानं माझा हात धरला, म्हणाली, "बघा ना परत." मी परत बघितले. ऊबदारच होते.

त्यानंतर दर सोमवारी मी वजनकाटा घेऊन जायचे. दोन किलो शंभर. दोन किलो चारशे. लंकाबाई दर वेळी बजावायची, "स्वेटरचं वजन काढून टाका, आपल्याला खोटं नगं." वजन झालं की ती ट्रंकेकडं एकदा बघायची, मग कामाला लागायची. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळायचं. ट्रंकेतल्या त्या दोन स्वेटरांत कधी कुणी वाढलंच नव्हतं.

फाल्गुन संपत आला होता. मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. लंकाबाई दारात उभी राहिली. अनवाणी आली होती, धापा टाकत. पळी हातातच राहिली.

"काय झालं, लंकाबाई?"

"बाई," ती म्हणाली, "स्वेटर आखूड झाला. बाही कोपरावर आलीया. बटणं लागंनात."

मी तिथंच पाटावर बसले. पोरं खिचडीसाठी ओरडत होती, ओरडू दे म्हटलं.

तिनं पदराखालून तो पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. धुऊन, घडी घालून. "कुणाचं पोर कमी वजनाचं आलं तर द्या," म्हणाली आणि निघाली, म्हशीला पाणी पाजायचं राहिलं होतं.

मी त्या नखाएवढ्या खिशात बोट घातलं. आत एक खारीक होती.