काचेला हात लावू नका

संग्रहालयातल्या चार नंबरच्या दालनाच्या पहारेकऱ्यांना सगळे ‘काचकाका’ म्हणत. का, तर तीस वर्षं स्टुलावर बसून त्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं, ‘मागे व्हा, काचेला हात लावू नका!’ पण कान उघडे होते हो त्यांचे! येणाऱ्या-जाणाऱ्या जाणकारांचं ऐकून ऐकून काचेमागच्या जुन्या मातीच्या घोड्याची सगळी कुंडली त्यांना तोंडपाठ झाली होती.

म्हणूनच दालनाची माहिती रेकॉर्ड करून लोकांना फोनवर ऐकवायचं ठरलं, तेव्हा संग्रहालयाच्या नव्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्हीच बोला की!"

काका लाजले, खाकरले आणि जे सुटले ते थांबेचनात. "हा घोडा कुंभारानं लेकीसाठी केला असणार. पोटाखाली बघा, अंगठ्याचा ठसा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा अंगठा, बोला आता! आणि मागे व्हा, काचेला हात लावू नका!"

सवयच ती, जाते कुठे? बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, घरबसल्या ऐकणाऱ्याला कसली काच?" चार वेळा परत बोलून घेतलं, चारही वेळा काका ओरडलेच. शेवटी बाई म्हणाल्या, "संग्रहालय न पाहिलेल्या कुणाला तरी ऐकवा. नाही आवडलं, तर उद्या बाहेरचा आवाज आणते."

काकांचं तोंड एवढंसं झालं. संग्रहालय न पाहिलेलं माणूस त्यांच्या घरातच होतं. काकूंचा पाय लहानपणापासून अधू आणि दालन साठ पायऱ्या वर. त्यांना घोडा दाखवायचं तीस वर्षं राहूनच गेलं होतं, आणि त्याचं काकांना फार वाईट वाटे.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी फोन बरणीला टेकवला. काकू डोळे मिटून पुढे वाकल्या. घोडा झाला, अंगठा झाला. "मागे व्हा!" काकू दचकून खुर्चीसकट मागे सरकल्या. "अगं बाई! मी कुठे लावला हात?"

दोघं पोट धरधरून हसली. मग काकूंनी सगळं पुन्हा दोनदा ऐकलं आणि फोन ओढून बाईंना निरोप बोलून पाठवला.

"बाई, ते ओरडणं तेवढं काढू नका. घरातल्या कपबश्यांवरूनही हे असेच ओरडतात माझ्यावर. पण आज ओरडले ना, तेव्हा वाटलं, मी खरंच तिथे उभी आहे."

बाईंचं लगेच उत्तर आलं, "ओरडणं राहू दे. उद्यापासून पाच नंबरच्या दालनाचं रेकॉर्डिंग. काकांना वेळेवर पाठवा."

काका डोळे पुसत बसले. काकूंनी विचारलं, "पाच नंबरात काय आहे हो? मला आधी सांगून ठेवा, म्हणजे हात मागे घेऊनच बसते."